आधी इस्त्रीवाले काका, मग आर्डुइनो: इंजिनिअरिंगच्या पोरांना माणसासाठी डिझाईन करायला कसं शिकवायचं

दरवर्षी सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवड्यात कोणीतरी नवीन लागलेले सर नाहीतर मॅडम फोन करतात, की पीबीएल, म्हणजे प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग, माझ्या गळ्यात पडलाय, सिलॅबसमध्ये ह्यूमन सेंटर्ड डिझाईन असं काहीतरी लिहिलंय, पीपीटी असेल तर पाठवा ना. पीपीटी आहे माझ्याकडे, 42 स्लाइडची, पण ती मी पाठवत नाही कारण ती दाखवून दाखवून मी माझी पहिली दोन वर्षं पाण्यात घातलीत. पोरं माना डोलवतात, एम्पथी डिफाइन आयडिएट प्रोटोटाइप टेस्ट या डिझाईनच्या पाच पायऱ्या पाढ्यासारख्या म्हणून दाखवतात आणि शेवटी आणून ठेवतात काय, तर स्मार्ट डस्टबिन. हात पुढे केला की झाकण उघडतं. कोणाला हवंय ते, कशाला हवंय, काही पत्ता नाही.

तर हे लिहितोय ते अशा नवीन लोकांसाठी. मी मेकॅनिकलला शिकवतो, साधं जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज, 20 पोरांची बॅच, 4-4 चे 5 ग्रुप, आठवड्याला 2 तासांचं एक प्रॅक्टिकल आणि हातात जेमतेम 14 आठवडे, त्यातही एक आठवडा गॅदरिंग खातं. एवढ्यात बसेल असंच सांगतो.

ह्यूमन सेंटर्ड डिझाईन या शब्दाचं फार दडपण घेऊ नका. याचं चक्क आयएसओ स्टँडर्ड आहे, 9241 चा भाग 210, 2010 साली आलं आणि 2019 ला सुधारलं, त्यात सांगितलंय ते थोडक्यात एवढंच की वापरणारा माणूस आणि त्याची कामाची जागा नीट समजून घ्या, त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर ठेवा, केलेलं त्याच्याकडून तपासून घ्या आणि चुकलं की परत करा. आता यातलं "परत करा" हे आपल्या कॉलेजांत कधीच होत नाही. माझा सगळा खटाटोप त्या एका गोष्टीसाठी आहे.

पायरी 1: आधी मार्क ठरवा, बाकी सगळं नंतर

उलटं वाटेल, पण पहिल्या तासाच्या आधी मार्कांचा कागद तयार पाहिजे. मार्क जिथे पोरं तिथे, यात त्यांची चूक नाही, आपणही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी मी 100 पैकी 50 मार्क चालू मॉडेलला ठेवले होते. झालं असं की 5 पैकी 2 ग्रुपनी मॉडेल तयार विकत आणलं, शहरात ते मिळतं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त सरांना माहीत नसतं.

आता माझी वाटणी अशी असते: निरीक्षणाच्या वहीला 25, प्रॉब्लेम एका वाक्यात मांडण्याला 15, पहिलं कच्चं मॉडेल माणसाच्या हातात देऊन बघण्याला 20, त्यानंतर काय बदललं आणि कोणामुळे बदललं याला 25, आणि शेवटचं मॉडेल अधिक रिपोर्ट मिळून 15. म्हणजे ज्याचं मॉडेल पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तसंच राहिलं त्याचे 25 गेलेच. पोरं पहिल्यांदा ऐकतात तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. "सर, पहिल्याच फटक्यात बरोबर आलं तर?" असं एकजण हमखास विचारतो. त्याला सांगायचं, आलं तर मला बोलाव, बघायला येतो.

एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, पटवायचं असेल तर एनबीएच्या, म्हणजे कोर्सना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या, भाषेत बोला. त्यांच्या प्रोग्रॅम आउटकममधला (पोरांना शेवटी काय यायला पाहिजे त्या यादीतला) तिसरा मुद्दा डिझाईनचा आहे, त्यात लोकांचं आरोग्य, सुरक्षितता, समाज, संस्कृती यांचा विचार करून सोल्युशन काढता यायला पाहिजे असंच लिहिलेलं आहे, आणि तो मुद्दा भरायला बहुतेक डिपार्टमेंटकडे पुरावाच नसतो. तुमच्या वह्या हा पुरावा. पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षालाच पीबीएल आला, त्यामुळे तास तर आहेतच, ते फक्त जर्नल उतरवण्यात जातात.

पायरी 2: पहिला आठवडा, वॉटर कूलर

पहिल्या तासाला व्याख्यान नको. पोरांना कॉरिडॉरमधल्या वॉटर कूलरपाशी नेऊन उभं करा, मधल्या सुट्टीत, आणि 40 मिनिटं नुसतं बघायला लावा. हातात वही, मोबाइल खिशात. अट एकच, वहीत फक्त क्रियापदं लिहायची. वाकला, बाटली तिरकी केली, ओढणी सावरली, हात पुसला, परत भरली. "गैरसोय होते" असं लिहिलं की खोडायचं, कारण गैरसोय दिसत नाही, वाकलेला माणूस दिसतो.

पहिली 10 मिनिटं पोरं खिदळतात. मग हळूहळू दिसायला लागतं. आमच्याकडच्या कूलरचा नळ आणि खालची जाळी यांच्यात अंतर इतकं कमी आहे की 1 लिटरची बाटली सरळ उभी मावतच नाही. ती तिरकी धरावी लागते, तिरकी धरली की पाऊण भरून सांडते, सांडलं की मनगट भिजतं आणि खाली फरशीवर पाणी होतं, मग मागचा माणूस पाण्यात पाय नको म्हणून लांबून उभा राहून हात लांबवतो आणि त्याचं आणखी सांडतं. एका वर्षी एका मुलीने अजून एक टिपलं, की मुली घोळक्याने येतात आणि एकजण सगळ्यांच्या बाटल्या भरते, म्हणजे रांगेत 3 माणसं दिसत असली तरी बाटल्या 9 असतात. 3 वर्षं रोज त्या कूलरचं पाणी पिणाऱ्या पोरांना हे पहिल्यांदा दिसलेलं असतं.

त्या दिवशी उपाय सुचवायला बंदी. कोणी "सर, सेन्सर लावू" म्हणालं की डब्यात 5 रुपये. हा डबा सेमिस्टरभर टेबलावर ठेवायचा. स्मार्ट, ऑटोमॅटिक, ॲप, सिस्टीम, आयओटी, हे शब्द सहाव्या आठवड्याच्या आधी उच्चारले की दंड. शेवटी त्यातून वडापाव येतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त दंड मीच भरलाय.

पायरी 3: विषय नाही, माणूस निवडा

"ग्रामीण विकास" हा विषय नाही. "शेतकऱ्यांच्या समस्या" हा पण नाही. प्रत्येक ग्रुपने एक माणूस निवडायचा, चालता बोलता, कॉलेजपासून पायी 15 मिनिटांच्या आत सापडणारा. अंतराची अट महत्त्वाची आहे, कारण त्याच्याकडे एकदा नाही, निदान चार-पाच वेळा जायचंय आणि गाव 30 किलोमीटरवर असेल तर पोरं एकदाच जातात, बॅनर धरून फोटो काढतात आणि परत येतात.

कॉलेजच्या आसपास बघा ना, कितीजण आहेत. कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, होस्टेलचे वॉचमन, झेरॉक्सवाला, पंक्चरवाला, शिंपी, भाजीवाली, लायब्ररीतले पुस्तकं लावणारे मामा. घरची आजी चालेल, पण स्वतःची नको, दुसऱ्याची, कारण स्वतःच्या आजीबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं आपल्याला वाटत असतं.

जायच्या आधीच्या काही गोष्टी बजावून सांगा. धंद्याच्या वेळेला जायचं नाही, भाजीवालीकडे संध्याकाळी 6 ला वही घेऊन उभं राहिलात तर ती हाकलेल आणि बरोबरच करेल, दुपारी 3 ला जा. विचारल्याशिवाय फोटो नाही. गेलात तर काहीतरी विकत घ्या, तिचा अर्धा तास फुकट नाहीये. आणि "आम्ही तुम्हाला मशीन करून देऊ" हे वाक्य कोणीही, कधीही बोलायचं नाही. एका ग्रुपने हे बोलून ठेवलं होतं, त्या बाईंनी पुढचे 4 महिने दिसेल त्या पोराला विचारलं, कधी येणार रे मशीन, आणि मला त्या रस्त्याने जायची चोरी झाली.

एचओडींच्या सहीचं पत्र बरोबर असू द्या, कामाला येतं. घरी जायचं असेल तर ग्रुपमध्ये निदान एक मुलगी असावी म्हणजे घरातल्या बायका मोकळेपणी बोलतात.

पायरी 4: विचारायचं कसं (इथे तीन आठवडे द्या)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारायचं नाही. उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही बाळा, चाललंय." आपली माणसं अनोळखी पोरांपुढे रडगाणं गात नाहीत. "असं यंत्र दिलं तर वापराल का?" हेही नाही, कारण त्याचं उत्तर "वापरू की" हेच येणार, समोरच्या पोराचं मन कोण कशाला मोडेल. आणि गूगल फॉर्म तर अजिबात नाही. पोळ्या करणाऱ्या मावशींच्या प्रॉब्लेमवर 87 प्रतिसाद आणले होते एका ग्रुपने, सगळे होस्टेलच्या पोरांचे.

मग विचारायचं काय? "काल सकाळी आल्यापासून काय काय केलं ते सांगा ना." "शेवटचं कधी घोळ झाला होता, काय झालं होतं?" "हे कसं करता, दाखवा ना एकदा." दाखवा ना, हे दोन शब्द पोरांना पाठ करायला लावा. माणूस सांगतो एक आणि हात करतात वेगळंच.

आमच्या इस्त्रीवाल्या काकांचं सांगतो. कॉलेजच्या मागे सोसायट्या आहेत, तिथे कडुनिंबाखाली त्यांची टपरी, कोळशाची इस्त्री. चार पोरांचा ग्रुप पहिल्याच दिवशी खुशीत परत आला, प्रॉब्लेम सापडला सर, इस्त्री जड आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करून आले होते, साडेसहा किलो. हलकी इस्त्री करू, वर टेम्परेचर दाखवणारा डिस्प्ले. (10 रुपये दंड झाला, दोन शब्दांचा.) मी म्हटलं काका काय म्हणाले ते सांगा. तर ते विचारलंच नव्हतं. परत पाठवलं. काका म्हणाले, "हलकी घेतली तर मला दाबायला लागंल की. आत्ता वजनच काम करतंय, मी नुसती सरकवतो."

मग पोरांनी टेबलाकडे मोर्चा वळवला. टेबल 78 सेंटिमीटर, पुस्तकात उभ्याने काम करायची उंची 90-95 दिली आहे, म्हणजे काका वाकतात, म्हणजे टेबल उंच करू. काका बिचारे सज्जन, त्यांनी पायाखाली विटा लावू दिल्या. अर्ध्या तासात म्हणाले खांदे भरून आले, काढा. झालं काय होतं, की जड आणि दाबायच्या कामाला टेबल कोपराच्या बरंच खाली लागतं, म्हणजे शरीराचं वजन वरून वापरता येतं. पुस्तकातली उंची हलक्या कामाची होती आणि पुस्तकही परदेशी. आपल्या लोकांच्या शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाईन संस्थेने) 1997 सालीच काढलेलं आहे, लायब्ररीत नसेल तर मागवून घ्या, पोरांना पहिल्यांदा कळतं की माणसाच्या कोपरालाही डेटाशीट असते.

तिसऱ्या आठवड्यात कुठे पोरांना काकू दिसल्या. म्हणजे त्या पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या, फक्त इस्त्री करत नव्हत्या म्हणून पोरांनी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. कपडे गोळा करणं आणि घरोघर पोचवणं हे त्यांचं काम. तीन बिल्डिंगी, प्रत्येकी चार मजले, एका मजल्यावर दोन फ्लॅट. कपडे येतात ते जुन्या चादरीत गाठोडं बांधून, आणि कोणतं गाठोडं कोणाचं हे काकू चादरीवरून ओळखतात. निळी चौकड्याची म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या टीचरबाई, फुलांची म्हणजे बँकवाले. वहीत काही नाही, सगळं डोक्यात. आणि घोळ कधी होतो? घरातल्या बाईने चादर बदलली की. दोन घरांच्या चादरी एकाच सेलमधल्या निघाल्या की. मग एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी जातो, तो सापडेपर्यंत दोन्हीकडे बोलणी खायची आणि नाहीच सापडला तर भरून द्यायचा. काकू म्हणाल्या, "इस्त्रीचं काय नाय, त्यांची सवय झाली. मला रात्री झोप लागत नाय कुनाचं कुठं गेलं म्हनून."

हे तीन आठवड्यांनी कळलं. पहिल्या दिवशी थांबलो असतो तर हलकी इस्त्री झाली असती, डिस्प्लेवाली.

दुसऱ्या एका ग्रुपला त्याच वर्षी गंमत म्हणजे तसंच सापडलं. ते एका आजींच्या औषधांवर काम करत होते, डोक्यात बझर वाजणारा गोळ्यांचा डबा होता. आजी गोळ्या विसरत नव्हत्याच. त्या पट्टी कात्रीने कापून एकेक गोळी वेगळी ठेवायच्या आणि कापताना नाव आणि तारीख जायची अर्धी, मग ओळखायच्या रंगावरून, आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली की रंग बदलायचा.

पायरी 5: एक वाक्य

सहाव्या आठवड्यात प्रत्येक ग्रुपने एक वाक्य लिहायचं: कोण, काय करताना, कुठे अडतं, आणि का. उपायाचा वासही नको त्यात. "काकूंसाठी गाठोडी ओळखायची सिस्टीम बनवणे" हे चालणार नाही. "काकू 24 घरांची गाठोडी चादरीवरून ओळखतात, चादर बदलली की ओळख जाते आणि कपडे चुकीच्या घरी जातात" हे चालेल. हे वाक्य 4-5 वेळा लिहून घ्या आणि खोडलेले सगळे कागद वहीत चिकटवायला लावा, 15 मार्क त्या खोडण्याचे आहेत.

आणि हे वाक्य त्या माणसाला वाचून दाखवायचं. तो "हां, असंच आहे" म्हणाला तर पुढे जा. "आता तुम्ही म्हणताय तर असंल" म्हणाला तर मागे या.

मध्येच एक तास गोष्टींचा

सातव्या आठवड्यात एक तास मी बोलतो, तोपर्यंत पोरांना ऐकायची भूक आलेली असते. तीन गोष्टी सांगतो. एक जयपूर फूटची: 1968 च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी मिळून रबराचं पाऊल केलं. तेव्हा मिळणारे कृत्रिम पाय बुटात घालायचे होते, खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे. आपल्याकडचा माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चिखलात जातो, तो पाय घरी नेऊन कोपऱ्यात उभा करायचा. सेठींना 1981 ला मॅगसेसे मिळालं, आणि शर्मांचं नाव पोरांनी ऐकलेलंच नसतं, म्हणून मी मुद्दाम आधी त्यांचं घेतो.

दुसरी फसलेली, सुधारित चुलीची. 1983 च्या सुमारास केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला, 2002 ला बंद झाला, मधल्या काळात 3 कोटींच्या वर चुली बसवल्या गेल्या. लॅबमध्ये धूर कमी, लाकूड कमी. घराघरात काय, तर आपलं पातेलं त्या भोकावर नीट बसत नाही, भाकरी शेवटी निखाऱ्यावर टेकवून फुगवायची तिला जागा नाही, आणि धुराडं काजळीने तुंबलं की साफ करायचं कोणी. बऱ्याच घरांत ती मोडून परत तीन दगड. माझ्या मामाकडे तिचं धुराडं नंतर कित्येक वर्षं परसात पडलेलं होतं, त्यावर मांजर बसायचं.

तिसरी, 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या एका वर्गात सुरू झालेला प्रोजेक्ट. स्वस्त इनक्युबेटर करा असं काम होतं. पोरं नेपाळला गेली तेव्हा दिसलं की दवाखान्यात इनक्युबेटर आहेत, कमी दिवसांची बाळं तिथपर्यंत पोचतच नाहीत. मग त्यांनी इनक्युबेटर सोडला आणि बाळाला गुंडाळायची ऊबदार झोळी केली, आत मेणासारखा पदार्थ, जो एकदा गरम केला की काही तास 37 अंशाच्या आसपास राहतो. वर आधी तापमानाचे आकडे होते, आयांना भेटल्यावर ते काढून नुसतं ठीक आहे की नाही एवढंच दाखवलं. ही गोष्ट सांगितली की पोरं विचारतात, सर म्हणजे प्रॉब्लेमच बदलला की. हो, तेच.

आपल्या जवळ बघायचं असेल तर पोरांना पाबळच्या विज्ञान आश्रमात घेऊन जा, डॉ. कलबागांनी 1983 ला सुरू केलेला, हाताने करून शिकणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. आयआयटी मुंबईत डिझाईन शिकवणारं केंद्र, आयडीसी, 1969 पासून आहे आणि गावांच्या प्रश्नांवर काम करणारं सितारा 1985 पासून, तिथल्या पोरांचे प्रोजेक्ट नेटवर वाचायला मिळतात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात 1995 पासून एपिक्स नावाने इंजिनिअरिंगची पोरं गावातल्या संस्थांसाठी सेमिस्टर सेमिस्टर एकच काम पुढे नेतात, म्हणजे एका बॅचने सोडलेलं पुढची उचलते. ती कल्पना मी उचलली आहे, जमते अर्धीमुर्धी.

पायरी 6: पुठ्ठा

पहिलं मॉडेल एका प्रॅक्टिकलमध्ये, 100 रुपयांत. किराणा दुकानातले खोके, कटर, सेलोटेप, सुतळी, सायकलची जुनी ट्यूब, फेव्हिकॉल. थ्रीडी प्रिंटर असेल तर त्या खोलीला कुलूप लावा. कारण छापलेलं मॉडेल देखणं दिसतं आणि देखण्या वस्तूला माणूस नावं ठेवत नाही, पोरंही ती मोडायला तयार होत नाहीत. पुठ्ठ्याला काकूही बिनधास्त नावं ठेवतात.

इस्त्रीच्या ग्रुपने पहिलं केलं ते पुठ्ठ्याचे बिल्ले, ए 302, बी 401 असे. गाठोड्याला अडकवायचे. लॅबमध्ये एकदम झकास.

पायरी 7: परत जा, आणि गप्प बसा

आता ते घेऊन त्याच माणसाकडे जायचं आणि वापरायला द्यायचं. एकाने वस्तू द्यायची, दुसऱ्याने लिहायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. "नाही काकू, ते असं धरायचं" हे बोललात की टेस्ट संपली. चुकीचं धरलं तर चुकीचं धरलं असं लिहा. पाचेक जणांनी हाताळलं तरी मुख्य घोळ बहुतेक बाहेर येतात, वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी वेबसाइटच्या टेस्टिंगसाठी 2000 साली हेच मांडलंय, 50 माणसं शोधत बसू नका.

काकूंनी बिल्ला उलटसुलट करून बघितला आणि बाजूला ठेवला. एबीसीडी वाचता येत नाही हे त्यांनी सांगितलं नाही, चष्मा आणला नाही म्हणाल्या. एका पोराच्या लक्षात आलं, त्याची आजीही तेच म्हणते. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "गाठी मार ना त्यापेक्षा. तिसऱ्या माळ्याला तीन."

तिथे खरं डिझाईन झालं. बिल्डिंगला एक रंग, मजल्याला गाठी, डावा फ्लॅट असेल तर टोकाला एक फास. वाचायची गरज नाही, अंधारात हाताला पण कळतं. पोरं बाजारातून परकराच्या सुती नाड्या घेऊन आली, लाल, हिरवी, पिवळी, मिळून 60 रुपये.

आणि दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. कपड्यांवर पाणी शिंपडतात, त्यात लाल नाडी ओली झाली, वर गरम इस्त्री, आणि बँकवाल्यांच्या पांढऱ्या शर्टावर गुलाबी डाग. शर्टाचे पैसे पोरांनी भरले, वर्गणी काढून, मीही घातले. पण त्यानंतर लॅबमध्ये जे झालं ते मी अजून कोणत्या प्रॅक्टिकलला बघितलेलं नाही. पोरांनी सात प्रकारच्या नाड्या आणल्या, प्रत्येक ओली करून पांढऱ्या कापडावर 10 वेळा घासली, मग इस्त्रीने दाबली, डागांची तुलना केली. नायलॉनची रंग सोडत नाही पण इस्त्री लागली की आकसते आणि गाठ सुटत नाही. सुती रंग सोडते, पण मिठाच्या पाण्यात धुऊन बघितली, तीन वेळा, पाच वेळा. तक्ता केला, ग्राफ काढला. कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी पॉलिएस्टरची चपटी पट्टी निवडली आणि ती गाठोड्याच्या बाहेरच बांधायची, आत नाही, असं ठरलं.

पायरी 8: बाहेरचे परीक्षक

हे होणारच, तयारी ठेवा. त्या वर्षी बाहेरून आलेल्या सरांनी नाड्या हातात घेतल्या, वरखाली केल्या आणि विचारलं, "यात इंजिनिअरिंग कुठंय?" पोरं कावरीबावरी. शेजारच्या टेबलावर दिवे लागत होते, मोटर फिरत होती, आणि यांच्याकडे गाठी.

त्यामुळे आता मी आधीपासून तीन गोष्टी टेबलावर ठेवायला सांगतो. पहिली, आधीची आणि नंतरची मोजणी: काकूंच्या आठवणीवर नाही, पोरांनी रोज जाऊन टिपलेली. नाड्यांआधीच्या 2 आठवड्यांत 4 वेळा घोळ, नंतरच्या 2 आठवड्यांत 1, तोही पाहुण्यांच्या कपड्यांचा. आकडा लहान आहे, लहानच सांगायचा, टक्के काढून फुगवायचा नाही. दुसरी, टाकून दिलेली मॉडेलं ओळीने मांडून, प्रत्येकाखाली एका चिठ्ठीवर का टाकलं ते. तिसरी, टेस्टचा तक्ता. नाड्यांचा तक्ता बघून ते सर जरा नरमले होते, मार्क मात्र कमीच दिले. आतले मार्क तुमच्या हातात असतात, ते तुम्ही पायरी 1 मध्ये ठरवलेत म्हणून पोरं वाचतात.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी चिडू नये, आर्डुइनोशी, म्हणजे सेन्सर, दिवे, मोटर चालवणाऱ्या त्या छोट्या सर्किट बोर्डाशी, माझं वैर नाही. दहाव्या आठवड्यात माणसाकडे जाऊन आल्यावर लागत असेल तर जरूर घ्या. होस्टेलच्या वॉचमनवर काम केलेल्या ग्रुपला लागला होता, पाण्याच्या टाकीची पातळी गच्चीवर न जाता कळायला हवी होती, गुडघे दुखत होते त्यांचे. तीन दिवे लावून दिले, डिस्प्ले नाही.

पायरी 9: सेमिस्टरनंतर

जी वस्तू तिथे ठेवलीत ती तुटल्यावर कोण बघणार, हे आधी बोलून घ्या. बघणारं कोणी नसेल तर ठेवू नका, परत आणा. आणि पुढच्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात जुन्या ग्रुपपैकी एकाला त्या माणसाकडे पाठवा, नुसतं बघून यायला. मार्क नाहीत याला, चहा आहे.

आमच्या इस्त्रीच्या ग्रुपमधला एक पोरगा जुलैत जाऊन आला. गाठींची पद्धत चालू आहे म्हणाला, नवीन एक बिल्डिंगही घेतलीय काकूंनी. पट्ट्या मात्र आमच्या नाहीत. त्यांनी जुन्या साड्यांचे काठ फाडून घेतलेत, प्रत्येक बिल्डिंगला वेगळा काठ. धुऊन धुऊन रंग त्यांचा कधीच गेलाय, शर्टाला लागायचा प्रश्नच नाही.